उस्मानभाईंचा चौकीदार

उस्मानभाई दर शुक्रवारी आपल्या कुत्र्याला रजा देत.

खरंच देत, मी पदरचं काही सांगत नाही. जुम्याच्या नमाजाला निघाले की ओट्यावर उभे राहायचे, डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि कुत्र्याकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणायचे, "जमादार, छुट्टी!" मग कुत्रं उठायचं, आळोखेपिळोखे द्यायचं, ओटा उतरून आमच्या दारात यायचं आणि झोपायचं. तासाभरानं उस्मानभाई परत आले की पुन्हा तोच आवाज, "जमादार, ड्युटी!" की कुत्रं उठून ओट्यावर जायचं आणि तिथं झोपायचं. रजेवरची झोप आणि कामावरची झोप यांत मला कधी फरक दिसला नाही. उस्मानभाईंना दिसायचा. "छुट्टीत पाय वर करून झोपते," ते मला समजावून सांगायचे, "ड्युटीवर पोटावर. पाहा न तुमी, भाभी."

पाहिलं बाई मी. दोन्हीकडे पाय वरच.

ही गोष्ट दारव्ह्याची, आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतरच्या दोनचार वर्षांतली. माझे यजमान शाळेत मास्तर. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. बदली होऊन दारव्ह्यात आलो तेव्हा आम्हाला घर मिळेना. लोक आधी आडनाव विचारायचे, मग मूळ गाव विचारायचे, आणि मग त्यांच्या रिकाम्या खोलीत एकाएकी पाहुणे यायचे असायचे. उस्मानभाईंची आमची ओळखही नव्हती. पण ते शेजारच्या खोल्यांच्या मालकाकडे गेले, "माणसं नेक हाय, मी जामीन," म्हणाले, आणि आम्ही त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायला आलो. तेव्हापासून त्यांच्याविषयी कोणी वाकडं बोललं तर मी त्याची खरडपट्टी काढते. मी स्वतः त्यांना हसले तर गोष्ट वेगळी. तो माझा हक्क आहे.

उस्मानभाई स्टोव्ह, कंदील आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. उंच, सडपातळ माणूस, मेंदी लावलेली दाढी, बोटांना कायमचा रॉकेलचा वास. तोंडात एकच वाक्य, "बात उसूल की है." चहा बशीत ओतून प्यायचा की कपानं, ही उसूलची बात. स्टोव्हला आधी पंप मारायचा की आधी काकडा लावायचा, ही तर फारच मोठी उसूलची बात. त्यावरून त्यांनी एका ठाणेदाराच्या बायकोला तिचा स्टोव्ह तसाच परत पाठवला होता. बायको, हमीदाभाभी, आम्ही यायच्या आधीच वारलेली. मूलबाळ नाही. मागे एक खोली आणि पुढे उघडा ओटा, एवढंच घर. ओट्यावर लोकांच्या दिव्या-स्टोव्हांनी भरलेला लाकडी पेटारा, एक खाट, आणि खाटेजवळ पोत्यावर जमादार.

हा जमादार म्हणजे काय चीज होती ते सांगायला पाहिजे. त्याची आई म्हणे जिनिंग फॅक्टरीच्या साहेबाच्या बंगल्यातली विलायती कुत्री, आणि बाप आठवडी बाजारातला. बंगल्याकडून अंगाचा लांबटपणा आणि आखूड पाय आले, बाजाराकडून गोल शेपूट आणि भूक आली. एक कान उभा, एक पडका. पोट जमिनीपासून चार बोटं वर. पावसाळ्यात चिखलातून आला की खालून काळा आणि वरून पांढरा दिसायचा.

"हा कुठून आणला, भाऊ?" असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"आणला नाही. आला. अन् आल्या आल्या माह्या स्टोव्हचा चामडी वायसर खाऊन गेला. मंग म्या म्हणलं, खाल्लं हाय नं बेटा? मंग आता काम कर."

असा तो नोकरीला लागला. आणि नोकरी हीच त्यात मुख्य गोष्ट होती. त्यांच्यात कुत्रं असं हौसेखातर पाळत नाहीत. ज्या घरात कुत्रं त्या घरात फिरिश्ते, म्हणजे देवदूत, येत नाहीत, असं मानतात. मात्र शेताच्या, गुराढोरांच्या, मालाच्या राखणीला कुत्रा चालतो. उस्मानभाईंनी मौलवीसाहेबांना जाऊन रीतसर विचारून घेतलं होतं. "माह्याकडं लोकाईची अमानत हाय," ते मला सांगायचे. "कोणाचा कंदील, कोणाची बत्ती. चोरी झाली तर काय तोंड दाखवू? म्हणून चौकीदार ठेवला. शौक नाही हा, भाभी. बात उसूल की है."

मग काय, तो चौकीदार आहे हे सिद्ध करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य जाऊ लागलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं जमादारला कुरवाळायला हात पुढे केला की ते ओरडायचे, "हात लावू नका, ड्युटीवर हाय!" शाळेतली पोरं त्याला चिंचा दाखवायची तर त्यांनाही तेच. स्वतः तर त्याला कधी बोटही लावायचे नाहीत. भाकर पुढे सारताना म्हणायचे, "पगार घे." आणि त्याच्या पराक्रमाच्या बातम्या रोज सकाळी भिंतीवरून मला ऐकायला लागायच्या. काल मांजर पळवली. परवा एक संशयित बैल अडवला. मांजरीचं म्हणाल तर ती मी पाहिली होती. ती जमादारच्या थाळीतलं सगळं दूध प्याली, तिनं मिशा पुसल्या आणि गेली. हा बाजूला बसून बघत होता.

भुंकायचं तर नावच नाही. मी म्हटलं, "भाऊ, याचा आवाज तरी आहे का हो? मी कधी ऐकला नाही."

"भुंकत नाही म्हणजे चोर आला नाही," उस्मानभाई म्हणाले. "अन् चोर आला नाही म्हणजे राखण पक्की हाय. मंग भुंकते कायले?"

कपाळावर हात मारून मी घरात गेले.

मास्तर मात्र शिकवणारा माणूस. त्यांना शंका आली की ती विचारल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांनी एकदा विचारलं, "उस्मानभाई, तुम्ही स्वतः बारा महिने इथे ओट्यावर खाट टाकून झोपता, दुकानाच्या राखणीसाठी. बरोबर? मग जमादार कशाच्या राखणीसाठी?"

"मी झोपलो का तो जागते. तो झोपला का मी जागतो."

"आणि दोघंही झोपले तर?"

उस्मानभाईंनी हातातला बर्नर खाली ठेवला. "मास्तर, तुमी पोराईले गणित शिकवा," ते म्हणाले आणि फुंकणी उचलली. त्या दिवशी मास्तरांना चहा मिळाला नाही.

असं सगळं सुखानं चाललं होतं आणि एका थंडीत फुलसावंगीहून बडी आपा आली.

आपा म्हणजे उस्मानभाईंची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली म्हणून हिनंच त्यांना वाढवलेलं. ठेंगणी, जाड, पांढरी ओढणी, हातात पुरुषी काळी छत्री. एसटीतून उतरून ती रस्त्यानं चालत आली ती ठाणेदार राउंडला निघाल्यासारखी. अन् आमचे पन्नाशीचे उस्मानभाई तिला पाहताच विडी पाठीमागे लपवून उभे! मला हसू आवरेना.

आपा ओट्याच्या पायरीशीच थांबली. छत्रीचं टोक पुढे करून म्हणाली, "उस्मान, ये क्या है?"

"चौकीदार हाय, आपा."

जमादार तोवर छत्रीला घाबरून खाटेखाली गेला होता. नुसतं शेपूट बाहेर.

"चौकीदार खटिया के नीचे?"

"छुपून पहारा देते."

आपा छत्री काखेत मारून पायरी चढली. खोलीत गेली. तिला ती खोली देऊन उस्मानभाई नेहमीसारखे ओट्यावर राहिले. पण त्या दिवसापासून ती दारात वेताचा मोडा टाकून बसली आणि जमादारवर तिनं जी नजर ठेवली, तशी नजर जमादारनं दुकानावर कधी ठेवली नव्हती. तिच्यासमोर त्यानं काय काय करावं? एका गिऱ्हाइकाची चप्पल नेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकापुढं ठेवली. कोंबडी आली तर उठून तिला आपली जागा दिली. एक अनोळखी मनुष्य पाणी मागायला ओट्यावर चढला तर त्याच्या पायाशी लोळण घेतली.

शेवटी तिनं भावाला समोर उभं केलं. मी भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होते. ऐकायचं नव्हतं, पण आपाचा आवाज भिंतीला जुमानत नसे. "राखणीचा कुत्ता चालते, ते मले बी मालूम हाय," ती म्हणाली. "पण हा राखण करते कुठं? शौकाचा कुत्ता हाय हा. हमीदाचं पाक घर, अन् तू दारात हे घेऊन बसला? मी हाय तोपर्यंत यानं एक चोर भुंकून पळवून दाखवावा. मंग मी कधी नाव नाही काढणार. नाही तर गावाभाईर तांडा उतरला हाय, त्याईले देऊन टाक. शेळ्या राखंल."

शेळ्या! त्या पायांनी! शेळ्यांनी त्याला तुडवलं असतं आणि त्यांना कळलंही नसतं. उस्मानभाई "जी आपा" एवढंच म्हणाले. आपाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि खोटं बोलणं तर नाहीच. पुढचे दोन दिवस ते तेच ते बर्नर पुसत बसले. चहा पाठवला तर तो तसाच थंड. माझ्याच्यानं ते बघवेना.

मी मास्तरांना म्हटलं, "तुम्ही चोर व्हा."

मास्तर वह्या तपासत होते. त्यांनी चष्मा काढला. "काय होऊ?"

"चोर. संध्याकाळी घोंगडी पांघरून या, ओट्यावरचा एखादा स्टोव्ह उचला आणि पळा. आपा दारातच बसलेली असते. मी मागून कुत्र्याला छू करते. तो भुंकेल, तुम्ही पळाल, आणि त्याची नोकरी वाचेल."

"सुमन, मी शील घेतलं आहे. न दिलेली वस्तू घ्यायची नाही. तूही घेतलं आहे."

"बाप्पा! मग दिलेली घ्या. उस्मानभाई देतील."

आणि खरंच, हा गृहस्थ उठून उस्मानभाईंकडे गेला. दोघं पेटाऱ्याआड बसून कुजबुजत होते. उस्मानभाईंनी स्वतःच्या वापरातला एक जुना पितळी स्टोव्ह काढला, दोन्ही हातांनी मास्तरांपुढे धरला आणि म्हणाले, "हा तुमाले दिला. राजीखुशीनं. कायले दिला ते मले सांगू नका. म्हणजे आपानं इचारलं तर मले खरंच माहीत नसंन."

मास्तरांनी स्टोव्ह घेतला, पुन्हा ओट्यावर ठेवला आणि घरी आले. पण त्यांच्या डोक्यात नवा किडा. "हे बघ, वस्तू मला दिलेली आहे. म्हणजे ही चोरी नाही. चोरी नसेल तर कुत्र्यानं भुंकायचं कशासाठी?"

"कुत्र्याला कुठं माहीत आहे ते!"

"आणि मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तेही शील आहे."

"तुम्हाला कोण विचारतंय? चोराला नाव विचारतात का कोणी?" मी म्हटलं. "आणि खिसे रिकामे करून जा!"

ते शेवटचं मी म्हटलं खरं, पण ते त्यांनी ऐकलं नाही. मी तसं म्हटलं, कारण मास्तर रोज शाळेतून येताना डब्यातला भाकरीचा तुकडा राखून जमादारला देत असत, आणि तो तुकडा सदऱ्याच्या खिशात असे.

दिवस मावळला. उस्मानभाई मशिदीत गेले. आपा खोलीतला नमाज आटोपून दारातल्या मोड्यावर बसली. जमादार ओट्याच्या मधोमध. मी मधल्या बुटक्या भिंतीआड, डोकावत. आणि रस्त्यावरून आमचे मास्तर आले, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडीत. चोर म्हणून माणसानं जरा लपतछपत यावं की नाही? हे आले ते शाळेत पाचवीच्या वर्गावर निघाल्यासारखे, सरळ, डाव्या बाजूनं. ओट्याशी आले, आणि पायातल्या चपला काढून पायरीखाली नीट जोडून ठेवल्या. मी मनात म्हटलं, संपलं.

"छू!" मी भिंतीआडून म्हटलं. "छू, जमादार, छू!"

जमादारनं डोळे उघडले. नाक वर केलं. घोंगडीत कोण आहे ते भाकरीच्या वासावरून त्याला कळलं आणि तो असा काही धावला, असा काही नाचला की त्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. घोंगडीभोवती त्यानं घिरट्या घातल्या. मागच्या पायांवर उभा राहिला. मास्तर एका हातानं स्टोव्ह उचलत होते. दुसरा हात आपोआप खिशात गेला, भाकरीचा तुकडा बाहेर आला आणि चोरानं चौकीदाराला तो भरवला.

"कौन है रे?" आपा कडाडली.

घोंगडी थबकली. "मी मास्तर," आतून उत्तर आलं. "शेजारचा."

मग तरी थांबावं! पण ठरल्याप्रमाणे पळायचं आहे हे मास्तरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते स्टोव्ह घेऊन पळाले, अनवाणीच. आणि जमादार त्यांची एक चप्पल तोंडात धरून मागोमाग, आमच्या दारापर्यंत पोचवायला गेला.

आपा मोड्यावरून उठली. "वा," एवढंच म्हणाली. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "भिंतीच्या मागची बी घरी जाय आता."

उस्मानभाई परत आले तेव्हा तिनं त्यांना फार बोल लावला नाही. नुसतं सांगितलं, "उद्या सकाळी तांड्यावर देऊन ये." उस्मानभाई "जी" म्हणाले. त्यांनी भाकरी केल्या, जमादारची थाळी भरून त्याच्यापुढे ठेवली. "पगार घे" म्हणाले नाहीत. मास्तर घरात घोंगडीची घडी घालत बसले होते, आणि त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मी संतापले होते. आपावर, शीलावर, घोंगडीवर, सगळ्यांवर.

सकाळी मी तणतणत तिच्याकडे गेले. हाडं गोठवणारी थंडी होती. उस्मानभाई ओट्यावर बसून जमादारच्या गळ्यासाठी दोरी वळत होते, आणि दोरी वळून झाली तरी पुन्हा उलगडून वळत होते. मी त्यांच्याकडे न पाहता सरळ आत शिरले. त्या खोलीत मी याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. भांडायचं म्हणून तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

काय ती खोली! जमीन आरशासारखी सारवलेली. पितळेची भांडी चकचकीत, उतरंडीला पांढरा चुना, कोपऱ्यात लोबानाचा मंद वास. खुंटीला नमाजाचे धुतलेले कपडे, लाकडी रेहालीवर कुराण, बाजूला नमाजाला अंथरायची जुनी जानमाज घडी घातलेली, तिच्या काठाला हातानं केलेलं रफू. बाईशिवायच्या घराला असतो तो कुबट वास नावाला नाही. एवढं माझं घर लख्ख नव्हतं, आणि मी दिवसभर घरात असते.

"पाह्यलं?" आपा म्हणाली. ती पानदान उघडून बसली होती. "हमीदा होती तवा अस्संच ठेवायची. मी आली म्हणून बिचाऱ्यानं मले हे घर देलं अन् सोता थंडीत भाईर झोपून राह्यला."

"तुम्ही आलात म्हणून नाही, आपा," मी म्हटलं. "ते कायमच बाहेर झोपतात."

"कायम?"

"आम्ही आलो तेव्हापासून तर बघते मी. थंडीत, पावसात. दुकानाच्या राखणीला."

"पावसात?" आपाचा सुपारी कातरणारा हात थांबला. तिनं हाक मारली, "उस्मान!"

उस्मानभाई आले ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. दोरी हातात तशीच.

"ह्या खाटेवर कोण झोपते?"

"कोणी नाही, आपा."

"तू घरात कवा येतो?"

"नमाजाले. आंघोळ करून, कपडे बदलून. झाडाले, सारवाले."

"अन् झोपाले काहून नाही येत? दुकानाचं सांगू नको. सच बोल."

उस्मानभाईंनी हातातली दोरी पुन्हा उलगडली. मग त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दन्शब्द आठवतं, कारण त्यात "उसूल" हा शब्द एकदाही आला नाही.

"हमीदा गेली नं आपा, मंग मले अठी नीन येत नव्हती. दिवा मालवला का घर माह्याकडं पाहून राह्यलं असं वाटे. मंग हा आला. हा बाजूले झोपला का याचा सास ऐकू येते. तेवढा ऐकला का मले नीन लागते. चौकीदार नाही हो तो. त्याच्याच्यानं काही होत नाही, मले मालूम हाय. पण त्याले आत कसा घेऊ? अठी मी हमीदासाठी दुआ मागतो. फिरिश्ते आले पायजे नं घरात. म्हणून मंग घर त्याईले सोडलं, अन् मी भाईर गेलो."

जमादार त्यांच्या मागे, उंबऱ्यापासून हातभर दूर बसला होता. तिथून पुढे तो कधीच येत नसे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पदरानं पुसले, कोणी बघो नाही तर न बघो. एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, आणि हा माणूस आपल्याच घराबाहेर राहतो हे मला ठाऊक नव्हतं.

आपा उठली. पानदान हातातच. भावाच्या हातातली दोरी तिनं काढून घेतली आणि कोपऱ्यात टाकली. ओट्यावर गेली. वर बघितलं. वर नुसतं आभाळ.

"पाऊस आला का काय करता?"

"ताडपत्री हाय."

"दोघावर एक?"

"हो."

"बह्याड," आपा म्हणाली. "भिजून मरशील अठी. मिस्त्रीले बोलाव. टिनाचं छप्पर घालून घे. छप्पर झाल्याबगर मी फुलसावंगीले जात नाही."

मग ती खोलीच्या भिंतीशी गेली आणि हातानं ओटा मोजू लागली. एक हात, आणखी एक हात, खाट ओलांडून पलीकडे. "इथवर पुरे, आपा," उस्मानभाई म्हणाले. "खाट बसली नं खाली." आपानं ऐकलं नाही. ती गुडघ्यावर टेकून आणखी पुढे सरकली, पोत्यापर्यंत. जमादार हुंगायला आला तशी तिनं ओढणी झटकन वर उचलली आणि ओरडली, "परे हो! माहे कपडे पाक हाय!" तो परे झाला. तिनं पानदानातला चुना बोटावर घेतला आणि त्याच्या पोत्याच्याही पुढे चांगली वीतभर जागा सोडून ओट्यावर रेघ ओढली.

"इथवर घाल," ती म्हणाली. "पाऊस तिरपा येते."